पावसाळ्यातील धास्ती, प्रार्थना आणि मनाची शांती: सांगलीच्या एका भगिनींना उत्तर

सांगलीत राहणाऱ्या एका ख्रिस्ती भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांचे राहते घर पाण्याखाली गेले. पुढे घर सावरले, त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झाले आणि संसार रुळावर आला. परंतु पावसाला सुरुवात झाली की त्यांचे मन थाऱ्यावर राहत नाही. रोज पवित्र शास्त्राचे वाचन आणि प्रार्थना चुकत नाही, तरीही डोळे मिटले की हप्त्यांचा हिशेब, कोयना धरणातून होणारा विसर्ग आणि कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हेच डोक्यात फिरत राहते. घरगुती प्रार्थनासभेत एकांनी त्यांना सांगितले की, शांती नसणे हे विश्वास उणा असल्याचे चिन्ह आहे. विचार ख्रिस्तावर एकाग्र करायचे म्हणजे नेमके काय करायचे, त्याने शांती खरोखर लाभते का, वारकरी शेजाऱ्यांसारखे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे ख्रिस्ती माणसाला चालते का, आणि मुलांसमोर रडू आले तर ते चुकीचे आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सप्रेम सलाम. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मंडळ्यांत पाळक म्हणून आणि रुग्णांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या सोबतीला बसणारा समुपदेशक म्हणून माझे आयुष्य गेले आहे. त्या अनुभवावरून आधी प्रार्थनासभेतील त्या शेऱ्याविषयी लिहितो, कारण तो मनातून निघाल्याखेरीज पुढचे काहीच तुमच्या उपयोगी पडणार नाही.

कशाचीही चिंता करू नका, हे वाक्य ज्या प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले, त्याच पौलाने करिंथकरांस पाठवलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, सर्व मंडळ्यांची चिंता आपल्याला दररोज ग्रासते, असे लपवून न ठेवता लिहिले आहे. फिलिप्पैकरांस पत्रातच दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की, आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता, देवाने त्याच्यावर दया केली, आणि केवळ त्याच्यावरच नव्हे तर माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. ज्या माणसाचा विश्वास उणा होता असे कोणी म्हणणार नाही, त्याच्या मनाची ही अवस्था आहे. प्रत्यक्ष प्रभूचे पाहा. योहानाच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात तो शिष्यांना, तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ देऊ नका, असे सांगतो. आणि त्याच्या थोडेच आधी, बाराव्या अध्यायात, आपला जीव व्याकूळ झाला आहे असे स्वतःविषयी म्हणतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो इतका कष्टी झाला की तीन शिष्यांना सोबत जागे राहण्याची विनंती करावी लागली. त्यामुळे अस्वस्थता आणि अविश्वास यांचे परस्पर समीकरण मांडणारी माणसे, हेतू कितीही चांगला असला तरी, शास्त्रापेक्षा कठोर बोलत असतात. तुम्हांला तसे सांगणाऱ्या व्यक्तीशी वाद घालू नका. मात्र त्यांचे म्हणणे देवाचे म्हणणे समजून उराशी धरूनही बसू नका.

मार्काच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग तुमच्या परिस्थितीला फार जवळचा आहे. तारू पाण्याने भरू लागले होते, प्रभू उशीवर डोके ठेवून झोपला होता, आणि शिष्यांनी त्याला उठवताना जे शब्द वापरले त्यांत भक्तीपेक्षा चीड अधिक होती: आम्ही बुडतो आहोत याची तुला काहीच काळजी नाही का? एखाद्या सभेत कोणी अशी प्रार्थना केली तर आपण सगळे खाली मान घालू. तरीही प्रभूने आधी वारा धमकावला, समुद्र निवांत केला, आणि मग विश्वासाचा प्रश्न विचारला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शिष्यांचा विश्वास आधी तपासला आणि तो पुरेसा ठरल्यावर वादळ थांबवले, असे तिथे घडलेले नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. विचार एकाग्र करणे याचा अर्थ बहुतेक लोक नको ते विचार हाकलून मन रिकामे करणे असा लावतात, आणि तिथेच त्यांचे सारे बळ खर्च होते. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि तरीही तो आलाच तर घंटा वाजवा, असे सांगण्यात आले. घंटा वाजतच राहिली. आणि नंतर मोकळेपणाने विचार करण्याची मुभा दिल्यावर तर, ज्यांना सुरुवातीपासून मुभा होती त्यांच्यापेक्षाही या विद्यार्थ्यांच्या मनात ते अस्वल अधिक वेळा आले. जे दाबावे ते अधिक जोराने वर येते, हे तुम्ही रात्री अंथरुणावर अनुभवलेलेच आहे. प्रभूनेही मत्तयाच्या बाराव्या अध्यायात रिकाम्या, झाडलेल्या, सुशोभित घराचा दाखला दिला आहे: बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, घर रिकामे पाहतो आणि आणखी सात जणांना घेऊन तिथे वस्ती करतो. तो दाखला त्या पिढीविषयी आहे हे खरे; तरी मनाच्या बाबतीतही रिकामेपण टिकत नाही, तिथे कोणीतरी राहायला यावेच लागते, एवढे त्यावरून समजते.

ख्रिस्ती परंपरेत हे फार पूर्वीपासून ओळखलेले आहे. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या साधकांपैकी इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने मनाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार सांगितले, आणि त्यांविषयी लिहिताना एक व्यावहारिक गोष्ट नोंदवली: हे विचार मनात यावेत की येऊ नयेत हे आपल्या हाती नाही, त्यांनी तिथे मुक्काम करावा की करू नये, हे मात्र आपल्या हाती आहे. उसाला दारे धरणारा माणूस पाण्याशी मारामारी करत नाही. ते नको त्या सरीत शिरू लागले की खोऱ्याने माती ओढून त्याला हव्या त्या सरीत वळवतो, आणि रात्रभरात हे काम कितीदा करावे लागले याचा हिशेब ठेवत नाही. एकाग्रता म्हणजे एवढेच वळवण्याचे काम आहे. प्रार्थनेत मन वीस वेळा भरकटले आणि वीस वेळा तुम्ही ते ख्रिस्ताकडे वळवले, तर ती वीस वेळा मोडलेली प्रार्थना नव्हे. त्या दिवशीची तुमची प्रार्थना तीच होती.

वळवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय या बाबतीत सर्वांत अधिक उद्धृत केला जातो आणि बहुधा घाईने वाचला जातो. पौल तुरुंगातून लिहितो आहे. त्या अध्यायाच्या सुरुवातीला युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतील दोन स्त्रियांचा बेबनाव मिटवण्याची विनंती आहे, म्हणजे शांतीविषयीचे प्रसिद्ध वचन एका भांडणाच्या पाठोपाठ येते. त्यानंतर तो सांगतो की, प्रत्येक गोष्टीत प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून, आपली मागणी देवाला कळवा. मग बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणे आणि तुमचे विचार राखील. याचा अर्थ विचारांचे रक्षण करण्याची मुख्य जबाबदारी तो तुमच्यावर टाकतच नाही. तुमच्याकडे काम आहे ते कळवण्याचे. आठव्या वचनात तो मननासाठी काही विषय देतो, आणि त्या यादीत पहिला क्रमांक सत्याचा आहे. मनाला बरे वाटणाऱ्या कल्पनेला त्या यादीत जागा नाही.

हा फरक स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण हल्ली सकारात्मक विचारांच्या नावाखाली जे शिकवले जाते ते अनेक ख्रिस्ती घरांतही शिरले आहे. यंदा पूर येणार नाही, येणारच नाही, असे शंभर वेळा म्हणणे हे ख्रिस्ती मनन नव्हे. यंदा पूर येईल की नाही हे तुम्हांला माहीत नाही, मलाही नाही, आणि जे माहीत नाही त्यावर उभारलेला धीर पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला टेकल्याची बातमी येताच कोसळतो. सत्य काय आहे, तर पाणी आले होते, घर बुडाले होते, तुम्ही आणि तुमची माणसे आज जिवंत आहात, आणि यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात देवाने आपल्या लोकांना जे वचन दिले आहे त्यात, तू जलांतून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, असे म्हटले आहे. तुझ्या वाटेत पाणी येणारच नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. हे वचन पूरग्रस्त माणसाला पुरते, कारण ते त्याच्या अनुभवाला खोटे पाडत नाही.

प्रत्यक्ष कसे करावे, ते आता जरा विस्ताराने सांगतो. रोज दोन-तीन अध्याय वाचण्याची तुमची सवय चांगली आहे, पण ज्या दिवसांत मन अस्वस्थ असते त्या दिवसांत वाचन कमी करा आणि मुक्काम वाढवा. एक छोटा उतारा निवडा आणि संपूर्ण आठवडा त्याच्याजवळच राहा. पावसाळ्यासाठी मी सहसा एकोणसत्तरावे स्तोत्र सुचवतो, ज्याची सुरुवातच, देवा मला तार, पाणी गळ्याशी आले आहे, अशी आहे. आणि त्याच्यानंतर सेहेचाळिसावे, ज्यात पाण्याची गर्जनाही आहे, देवाच्या नगराला आनंदित करणारी नदीही आहे, आणि शांत व्हा अशी आज्ञाही आहे. या क्रमाने वाचल्यास आपण थेट शांतीच्या आज्ञेवर उडी मारत नाही, आधी आपली हाक नोंदवतो. उतारा मोठ्याने, सावकाश, पुटपुटत वाचा. मनातल्या मनात वाचताना डोळे ओळींवरून सरकतात आणि मन पुलावर जाऊन उभे राहते. जीभ आणि कान कामाला लागले की मनाला थोडी वेसण बसते. एखादे वाक्य अडकले, टोचले किंवा आवडले, की तिथेच थांबा, पुढे जाऊ नका, आणि त्या वाक्यावरच देवाशी बोला. पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. सुरुवातीला तर दहाही पुरेत.

त्यानंतर एक वही घ्या आणि त्या दिवशी मनात घोळणाऱ्या चिंता नावानिशी लिहून काढा. घराची चिंता असे मोघम लिहू नका. या महिन्याचा हप्ता, सासूबाईंना वरच्या मजल्यावर कसे न्यायचे, शाळा बंद पडली तर मुलांचे काय, असे लिहा. प्रत्येक ओळीपुढे, यात आज मला काही करता येण्यासारखे आहे का, एवढे पाहा. जे करता येण्यासारखे आहे ते करण्याची तारीख लिहा. जे हाताबाहेरचे आहे ते एकेक नाव घेऊन देवाच्या स्वाधीन करा. पेत्र पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सर्व चिंता देवावर टाकण्यास सांगतो, आणि काय टाकायचे हे ठरल्याशिवाय टाकता येत नाही. प्रार्थनेत हप्त्याचा विचार आला तर त्याला व्यत्यय समजून दटावू नका; त्याच क्षणी, प्रभू, हा हप्ता, असे म्हणून त्यालाच प्रार्थनेचा विषय करा. मन जिथे जाते तिथे त्याच्या पाठोपाठ प्रभूला न्यावे, हा मी शिकवत आलेल्या पद्धतीचा गाभा आहे.

तयारी करणे म्हणजे अविश्वास नव्हे, हेही इथेच सांगतो. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात शत्रू चालून येण्याची भीती असताना लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला, ही दोन्ही कामे एकाच वाक्यात सांगितली आहेत. तेव्हा जून लागण्यापूर्वी घराची कागदपत्रे, आधार कार्ड, बँकेची पासबुके आणि मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, विम्याचा कागद तपासा, पाणी वाढलेच तर कोणाकडे जायचे हे आधी ठरवून त्यांना सांगून ठेवा. आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी आहे. तुमच्या घरापर्यंत पाणी किती फुटांवर पोहोचते हे तुम्हांला अनुभवाने ठाऊक असेल. पातळी किती झाली की आपण निघायचे, तो आकडा आताच, मन शांत असताना, ठरवून टाका. तो ठरला की पातळी पाहण्याच्या वेळाही ठरवा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, आणि पाणी चढू लागल्यावर प्रशासन सांगेल तशी. दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडून, खऱ्याखोट्या संदेशांच्या ढिगातून नदी पाहत राहिल्याने पाणी एक इंचही उतरत नाही, आणि आधी ठरवलेला आकडा सोडून नवी माहिती त्यातून बहुधा मिळत नाही.

एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणण्याबद्दल तुम्ही विचारले आहे, आणि तुमच्या परिसरातील पार्श्वभूमी पाहता हा प्रश्न साहजिक आहे. पर्वतावरच्या प्रवचनात प्रभूने व्यर्थ बडबड करू नका असे सांगितले, हे वचन लोक पुढे करतात. त्याने नाकारले ते, पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो ही समजूत. गेथशेमानेत त्याने स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असे मत्तय नोंदवतो. ईजिप्तमधील साधकांकडून शिकून पश्चिमेकडे गेलेल्या कॅसियनने सत्तराव्या स्तोत्रातील, देवा, मला साहाय्य करण्यास त्वरा कर, या ओळीचा दिवसभर आधार घ्यावा असे सांगितले. पूर्वेकडील मंडळ्यांत, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर, ही प्रार्थना शतकानुशतके याच रीतीने म्हटली जाते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाला तर यासाठी इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून आणि कीर्तनांतून मांडली, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. मिशनची नोकरी सोडल्यावर १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यातच देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर वास्तव्य केलेल्या समर्थांनी मनालाच उद्देशून उपदेश केला, आणि बेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ताही आपल्या जिवालाच विचारतो की, तू का खिन्न झालास, आतल्या आत का तळमळतोस, देवाची आशा धर. स्वतःच्या मनाशी बोलण्याची ही रीत आपल्या मातीला परकी नाही. फरक आहे तो नाव कोणाचे घ्यायचे आणि कशासाठी यात: ख्रिस्ती माणूस वाक्याच्या सामर्थ्यावर अवलंबून नसतो, ते वाक्य ज्याला उद्देशून आहे त्याच्यावर अवलंबून असतो. तेव्हा भाकरी थापताना, बसमध्ये, रात्री जाग आल्यावर, एक छोटी ओळ खुशाल म्हणत राहा. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा स्वयंपाकी होता. भांड्यांच्या गोंगाटातही त्याला गुडघे टेकलेल्या वेळेइतकेच देवाचे सान्निध्य जाणवत असे, आणि त्यासाठी त्याने काही अवघड पद्धत वापरली नाही, हातातले काम देवाशी बोलत केले.

आभाराविषयी थोडेच लिहितो. पौल आभार मानून मागणी कळवण्यास सांगतो तेव्हा तो पुराबद्दल आभार मानायला सांगत नाही. होडीतून कोणी काढले, कोणत्या शाळेत निवारा मिळाला, चिखल उपसायला कोण आले, ही नावे वहीत लिहून त्यांच्याबद्दल आभार माना; एवढे पुरे.

या सगळ्याने शांती मिळते का? मिळते, असे मी अनुभवाने म्हणेन, पण ती जिथे शोधली जाते तिथे सहसा सापडत नाही. प्रार्थना आटोपल्यावर, आता शांत वाटते का, असे मनाला विचारून पाहणारी माणसे मला पुष्कळ भेटतात. तसे विचारताच लक्ष ख्रिस्तावरून उठून स्वतःच्या छातीतल्या धडधडीवर जाते, धडधड जाणवते, आणि प्रार्थना फुकट गेली असा निष्कर्ष निघतो. तो तपास करू नका. शांती आली आहे हे बहुधा मागाहून आणि आडबाजूने कळते: पतीशी झालेली कुरबुर एका दिवसात मिटली, हप्त्याविषयी बँकेत जाऊन बोलण्याचे धाडस झाले, विसर्गाची बातमी ऐकूनही जेवण गेले. पत्र्यावर पावसाचा आवाज झाला की काळजात धस्स होणे पुढची काही वर्षे राहीलही. शरीराची स्मरणशक्ती मनापेक्षा चिवट असते आणि तिला वचने पाठ नसतात. एवढ्यावरून शांती नाही असे समजू नये.

दोन अडथळे मात्र प्रार्थनेने परस्पर दूर होत नाहीत. पहिला म्हणजे अपुरे राहिलेले कर्तव्य. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून ये. पुराच्या वेळी किंवा नंतर मदतीच्या वाटपावरून नातेवाइकांशी, शेजाऱ्यांशी काही बिनसले असेल, कोणाचे पैसे द्यायचे राहिले असतील, तर तो विचार प्रार्थनेत पुन्हा पुन्हा येईल आणि तो यायलाच हवा. त्याला वळवू नका, त्याचे ऐका.

दुसरा अडथळा आजाराचा. पुराची दृश्ये दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे जिवंत होणे, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक उडणे, कशातच रस न उरणे, जगू नये असे वाटणे, यांपैकी काही असेल तर ते केवळ आध्यात्मिक प्रश्न समजून घरात बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तिथे दिवसरात्र केव्हाही बोलता येते, आणि मराठीतून बोलता येते. औषध घेणे म्हणजे प्रभूवर भरवसा नसणे, असे ज्यांना वाटते त्यांना मी तुमच्या जिल्ह्याचाच इतिहास सांगतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले, आणि प्रार्थना व शस्त्रक्रिया एकाच छपराखाली नांदू शकतात हे या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. पौलाच्या सोबत्यांतला लूक स्वतः वैद्य होता. एलीया संदेष्ट्याची कथाही लक्षात घ्या. राजे या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर, होरेब पर्वतावर. रात्री दोन वाजेपर्यंत जागून केलेल्या प्रार्थनेपेक्षा तुम्हांला तूर्त झोपेची गरज अधिक असण्याचा संभव आहे.

एकटीने हे ओझे वाहू नका, अशीही माझी विनंती आहे. महिला मंडळातील एक-दोन जणी निवडा, ज्या उपदेश करण्याची घाई करत नाहीत, आणि पावसाळ्याचे चार महिने आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत बसा. ज्या आठवड्यात स्वतःचे शब्द सुचणार नाहीत त्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मिळून वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्याला आशेची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. प्रभुभोजनाला जाणेही टाळू नका. मन लागत नाही म्हणून लोक सर्वांत आधी तेच टाळतात, आणि जिथे आपल्याला काहीच करून दाखवायचे नसते, केवळ हात पुढे करून घ्यायचे असते, अशी एकमेव जागा गमावतात.

राहिला मुलांसमोर रडण्याचा प्रश्न. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू चारचौघांत रडला, तेव्हा त्यात लपवण्यासारखे काही नाही. मुलांना त्रास होतो तो आईच्या रडण्याचा कमी आणि ती का रडते हे न कळण्याचा जास्त. पावसाचा आवाज आला की मला ते दिवस आठवतात, असे सरळ सांगा. मग पातळीचा ठरवलेला आकडा आणि पिशवी कुठे ठेवली आहे हे त्यांनाही सांगून ठेवा, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाला आपली भीती आपल्या शब्दांत देवाला सांगू द्या. धाकट्याने पाण्यात गेलेल्या खेळण्यासाठी प्रार्थना केली तर त्याला मोठ्यांच्या प्रार्थनेकडे वळवू नका. सासूबाईंनाही त्यात सामील करून घ्या. त्यांच्या आठवणीत २००५ चा पूरही असेल, आणि त्यातून घर कसे उभे राहिले ते मुलांना सांगायला त्यांच्याखेरीज घरात दुसरे कोणी नाही.